तिजोरी घेताना आधी कागद पाहा, मग सोने

आपल्याकडे कुठल्याही लोखंडी कपाटाला ‘गोदरेज’ म्हणण्याची रीत आहे. घरात ‘गोदरेज’ आले की माणूस निश्चिंत होतो. वास्तविक कपाट वेगळे आणि तिजोरी वेगळी. कपाटाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. पहारीच्या दोन हिसक्यांत तो वाकतो.

वराळे, आंबी, तळेगाव दाभाडे या पट्ट्यात एमआयडीसी आणि महामार्गामुळे जमिनींना भाव आले, बंगले झाले. त्यामुळे तिजोरीची चौकशी करणारेही वाढले. पण चौकशी होते ती सोन्यापुरती. व्यापारी आणि कारागीर बंधूंना माझे सांगणे असे की, आपल्या घरातील खरी दौलत बहुधा कागदावर असते. खरेदीखत, सात-बारा, उधारीच्या वह्या, गहाणाच्या चिठ्ठ्या. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा असा हुकूम सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे. लिहिलेले जळून गेले तर तगादा कशाच्या जोरावर करणार? त्यात भर अमानतीची. मस्जिदीच्या चंद्याची रक्कम, हजला निघालेल्या शेजारणीने ठेवलेले दागिने, गिऱ्हाईकाचे दुरुस्तीला आलेले जिन्नस. हिजरतीच्या वेळी जिवावर बेतलेले असतानाही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लोकांच्या अमानती परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मक्केत मागे ठेवले होते. अमानतीचे महत्त्व यावरून ओळखावे.

आता आगीचे पाहू. सोने वितळायला १०६४ अंश सेल्सिअस उष्णता लागते. घरच्या आगीत दागिना काळवंडेल, पण राखेतून बहुधा हाती लागेल. कागद मात्र १७७ अंशांच्या पुढे करपू लागतो. हिशोबाची हार्ड डिस्क तर ५२ अंशांनंतरच धोक्यात येते. नुसत्या जाड लोखंडाची पेटी आगीत भट्टीसारखी तापते, आतले कागद ज्वाळा न लागताही कोळसा होतात. आमच्या कापडाच्या धंद्यात तर आग ही दाराशीच उभी असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज फुटले. त्यात दारूगोळ्याबरोबर कापसाच्या हजारो गाठी होत्या आणि आग आधी लागली ती कापसाला. त्या आगडोंबातून गोदरेजच्या तिजोऱ्या शाबूत निघाल्या, तेव्हापासून त्यांचे नाव अधिकच झाले. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपे आणि १९०२ साली तिजोरी बनवायला सुरुवात केली होती. नाव ‘गोदरेज’ झाले ते तिजोरीमुळे, कपाटामुळे नव्हे!

म्हणून दुकानदाराला पहिला सवाल हा करावा: किती मिनिटे आग सोसते, आणि आतले तापमान किती राहते? दुसरा सवाल चोरीचा. आग सोसणारी प्रत्येक तिजोरी पहारीला दाद देत नाही असे नाही, आणि जाड पोलादाची प्रत्येक तिजोरी आग सोसत नाही. दोन्हींचे दाखले वेगवेगळे मागावेत. चोरीसाठी आयएस ५५० हे भारतीय मानक आहे, तो शिक्का पाहावा. हॉटेलात असतात तशा दहा-बारा किलोच्या डब्या चोर काखोटीला मारून नेतो. तिजोरी बोल्ट मारून काँक्रीटच्या स्लॅबला जखडावी, पोकळ विटेच्या भिंतीला नव्हे. भोके कंपनीने ठेवली असतील तिथेच घ्यावीत, नाहीतर आगीपासूनचे संरक्षण गेले. आकड्यांचे कुलूप असेल तर कारखान्याचा नंबर पहिल्याच दिवशी बदलावा.

किल्लीची गोष्ट अजब आहे. हजारोंची तिजोरी आणि किल्ली पीठाच्या डब्यात! रोकडीच्या विम्यात सहसा अशी अट असते की, बंद दुकानातच ठेवलेल्या किल्लीने तिजोरी उघडली तर भरपाई नाही. (विमा जायज की नाजायज, हा सवाल उलमांचा आहे, माझा नाही.)

‘बँकेचे लॉकर आहे की’, असे काहीजण म्हणतील. दागिन्यांना ते ठीक. परंतु रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्यांच्या लबाडीने नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच. भाडे तीन हजार असेल तर तीन लाख. शिवाय रोज लागणारी वही लॉकरात ठेवता येत नाही.

ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्यांनी ती घरच्या सामाईक तिजोरीत ठेवू नये. दागिन्यांसाठी किल्ली बायका-मुलांच्या हाती जाणारच. परवाना मात्र एकाच्या नावे असतो. बंदुकीला स्वतंत्र लोखंडी पेटी, काडतुसे दुसरीकडे कुलपात, किल्ली परवानेदाराजवळ. आणखी एक कारण आहे. आग रोखणाऱ्या तिजोरीच्या भिंतीतला मसाला ओल धरून असतो. त्यात आपल्या मावळचा पाऊस. चार महिन्यांत नळी गंजते, कागदांना बुरशी येते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, ओल धरली की बदलाव्यात, आणि उघडीप मिळाली की दार थोडा वेळ उघडे टाकावे.

तिजोरी आणल्यावर पहिल्याच दिवशी एक काम करावे. प्रत्येक अमानत वेगळ्या थैलीत बांधून वर मालकाचे नाव, तारीख आणि वजन लिहावे, तीच यादी घरातील एका जबाबदार माणसाकडे द्यावी. डोळे मिटल्यावर वारस तिजोरी उघडतात तेव्हा बापाचे कोणते आणि शेजारणीचे कोणते, हे सोने स्वतः सांगत नाही. मग परक्याचा माल वारसा म्हणून वाटला जातो.