रणगाड्याचा घसारा

व्यापारी घरात ‘घसारा’ हा शब्द बहुधा मार्चअखेरीस ऐकू येतो. यंत्राची आणि वाहनाची किंमत ठरावीक टक्क्यांनी उतरवली, ताळेबंद जुळला की वर्षभर त्याचे नाव निघत नाही. वहीतला हा घसारा सर्व अंगांना सारखाच लागतो. लोखंडाचा घसारा तसा नसतो. ट्रकच्या दाराची मूठ झिजते, पण त्याच दाराची वरची कड वर्षानुवर्षे नवी राहते. डिझेलच्या टाकीच्या तोंडाखाली काळसर ओघळ उतरतो आणि त्यापासून वीतभर अंतरावर रंग कोरा असतो.

या खऱ्या घसाऱ्याचा बारकाईने अभ्यास करणारा एक छंद आहे. तो म्हणजे रणगाड्यांच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती जोडून रंगवणे आणि त्या कोऱ्या रंगाला पुन्हा धूळ, गंज, ओरखडे व चिखल यांनी जुनेपण आणणे. छंदी मंडळी या शेवटच्या कामाला ‘वेदरिंग’ म्हणतात. जैन घरातल्या मुलाने असा खोका घरी आणला की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. अहिंसेच्या घरात रणगाडा कशाला, हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. मात्र त्याचे उत्तर देण्याआधी हे काम काय आहे ते पाहिले पाहिजे.

बहुतेक प्रतिकृती पस्तिसास एक या प्रमाणात असतात. हे प्रमाण कोणा शास्त्रज्ञाने ठरवलेले नाही. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने 1960च्या दशकाच्या आरंभी जर्मन ‘पँथर’ रणगाड्याची चालती प्रतिकृती काढली. आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढा तिचा आकार ठेवला आणि तो साधारण पस्तिसास एक निघाला. पुढे तेच माप जगभर रूढ झाले. या मापाने सेंचुरियन रणगाडा तोफेसकट सुमारे 28 सेंटिमीटर लांब भरतो. शिकाऊ हाताची पहिली चूक याच हिशेबात होते. प्रतिकृतीवर एक मिलिमीटरचा ओरखडा काढला, तर खऱ्या रणगाड्यावर तो साडेतीन सेंटिमीटरचा होतो. असे शंभर ओरखडे काढले की तो रणगाडा लढून आलेला न दिसता भंगारातून आणलेला दिसतो.

कामाचा क्रम असा. आधी अस्तराचा रंग, मग मूळ रंग. वरचे भाग थोडे फिके ठेवायचे, कारण ऊन वरून पडते. त्यावर चकचकीत वार्निशचा हात देऊन क्रमांक व चिन्हे चिकटवायची. नंतर तेलरंग पातळ करून सांधे व खिळ्यांभोवती सोडायचा, म्हणजे कोपऱ्यांत सावली साठते. रंगाचे पापुद्रे गेलेले दाखवायला स्वयंपाकघरातले मीठही चालते. गंजाच्या रंगाचा थर वाळला की पाण्याने ओला करून त्यावर मिठाचे कण ठेवायचे, पाणी सुकू द्यायचे, वरून मूळ रंग फवारायचा आणि तो वाळल्यावर कण झटकून टाकायचे. खालचा गंज वेड्यावाकड्या ठिपक्यांतून डोकावतो. धूळ आणि चिखल सर्वांत शेवटी.

गंज कुठे दाखवायचा, याला मात्र विवेक लागतो. धुराड्याचा पत्रा तापतो आणि लवकर गंजतो. साखळीचा जो भाग जमिनीला घासतो तो चकाकतो, उरलेला तपकिरी पडतो. चाकांच्या कडेला रबर असते आणि रबर गंजत नाही, तरी नवशिक्यांच्या हातून तेही तांबडे होते. चालक दलाचे बूट जिथे पडतात तिथे रंग जातो. माणसांचा वावर कुठून कुठे होता, हे या झिजेवरून वाचता येते. लेखापरीक्षकाला जुन्या खतावणीच्या मळक्या कोपऱ्यांवरून कोणते पान वारंवार उघडले गेले हे कळते, तसाच हा प्रकार.

हे शिकायचे कुठे? महाराष्ट्रात अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. 1994 साली ते सुरू झाले. रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून भारतीय बनावटीच्या ‘विजयंता’पर्यंत अनेक वाहने तिथे उभी आहेत. आकार आणि मापे पाहायला त्याहून चांगली जागा नाही. परंतु ती वाहने रंगरंगोटी करून जपलेली असल्यामुळे धुळीचा धडा तिथे मिळत नाही.

तो धडा देवरीत मिळतो. गोंदिया जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव मुंबई-कोलकाता महामार्गावर, छत्तीसगडच्या सीमेलगत वसलेले आहे. रायपूर-भिलाईकडून येणारे अवजड ट्रक दिवसरात्र इथून जातात. दुकानाच्या ओट्यावर बसून तासभर पाहिले तरी मागच्या चाकांमागे चिखल कसा पंख्यासारखा उडतो, ताडपत्रीच्या घड्यांत धूळ कशी साठते, पावसाचे ओघळ धुळीतून कसे उभे उतरतात, हे दिसते. पावसाळ्यात धानाच्या बांधीतून चिखलणी करून आलेला ट्रॅक्टर तर उघडे पुस्तकच असतो. ओला चिखल गडद आणि चमकदार, सुकलेला फिका आणि भेगाळलेला, आणि एकाच चाकावर दोन्ही असतात.

ही जाण उपयोगी पडते ती अशी. सप्टेंबर 1965 मध्ये खेमकरणजवळ असल उत्तर येथे भारतीय सैन्याने शेतांत पाणी सोडले आणि पाकिस्तानचे अनेक पॅटन रणगाडे उभ्या उसात, चिखलात रुतले. त्या लढाईतला पॅटन रंगवणाऱ्याला वाळवंटाची पिवळी धूळ उपयोगाची नाही. त्याला पाणथळ शेताचा चिखल ठाऊक हवा. महानगरातल्या छंदी माणसाला तो छायाचित्रात शोधावा लागतो. देवरीच्या मुलाच्या तो पायांना लागलेला असतो.

आता वडीलधाऱ्यांचा प्रश्न. जैन परंपरेत यशोधर राजाची कथा प्रसिद्ध आहे. सोमदेवसूरींनी इ.स. 959 मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलका’त ती विस्ताराने आली आहे. जिवंत प्राण्याचा बळी द्यायला राजा तयार नव्हता. मातेच्या आग्रहाखातर त्याने पिठाचा कोंबडा केला आणि त्याचा बळी दिला. जीव गेला नाही, पण मारण्याचा संकल्प झाला, आणि त्या संकल्पापायी मातापुत्रांना पशुयोनीत फिरावे लागले. तेव्हा ‘प्लॅस्टिकच तर आहे’ हे उत्तर जैन घरात पुरत नाही. पाहायचा तो भाव. तोफेचे तोंड धाकट्या भावाकडे वळवून ‘मेला’ म्हणणारा आणि तीन आठवडे एका धुराड्याच्या गंजावर मान मोडून बसणारा, या दोघांचे भाव एक नव्हेत. दुसऱ्याच्या हाती गोळ्याने पडलेले भोक रंगवण्याची वेळ येते, तेव्हा आत कोण बसले होते हा प्रश्न त्याला चुकवता येत नाही. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंचुरियनमध्ये धारातीर्थी पडले. वय 21. तो रणगाडा पुढे अहिल्यानगरला जतन करण्यात आला. चकचकीत खेळण्यातल्या रणगाड्याला असा भूतकाळ नसतो, म्हणून हरकत घ्यायचीच तर त्याला घ्यावी.

खरी हिंसा या छंदात दुसरीकडे लपलेली आहे, आणि तिकडे घरातल्या कोणाचेच लक्ष जात नाही. ती ब्रशात आहे. बारीक कामासाठी वाखाणला जाणारा ‘कोलिन्स्की सेबल’ ब्रश सैबेरियातल्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. आपल्याकडे मुंगसाच्या केसांचे ब्रश वर्षानुवर्षे विकले गेले. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे असा ब्रश बनवणे व विकणे गुन्हा ठरतो. 2019 मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने देशात ठिकठिकाणी छापे घातले होते. शाळेच्या चित्रकलेच्या पेटीतही असा ब्रश निघू शकतो, तिथे रणगाड्याचा काही संबंध नाही.

ओळख सोपी आहे. ब्रशातला एक तंतू उपटून ज्योतीवर धरावा. केस असेल तर जळून राख होते आणि जळक्या केसांचा वास येतो. कृत्रिम तंतू वितळतो आणि टोकाला बारीक मणी धरतो. कृत्रिम ब्रशाचे टोक काही महिन्यांत वाकते, ही त्याची उणीव खरी. पण वाकलेला ब्रश फेकायचा नसतो. धूळ चढवायला आणि जवळजवळ कोरड्या रंगाने कडा उजळायला तोच बरा पडतो.