आत बघा म्हणणाऱ्यांनो, आत घरमालक बसलाय

एका शहरात कवितेच्या शिबिराला गेलो होतो. रात्रपाळी संपवून, तशीच एसटी पकडून. केसांत कापूस होता. शिबीर घेणारे गृहस्थ नामवंत. ते म्हणाले, डोळे मिटा, आत बघा, तुमचा अस्सल आवाज आत तुमची वाट बघतोय. मी डोळे मिटले आणि झोपलो. घोरलोसुद्धा, असं शेजारच्यानं सांगितलं. रात्रभर रिंगफ्रेमवर तुटलेलं सूत सांधणाऱ्याला डोळे मिटायला सांगितलं तर तो दुसरं काय करणार?

मग मी कविता वाचली. ते म्हणाले, "वेदना आहे, पण आत्मशोध नाही. जातीच्या पलीकडचा माणूस शोधा, स्वतःचा सूर सापडेल."

त्यावर हे माझं उत्तर. अर्धं त्यांना आहे, अर्धं आपल्याला.

आधी त्यांना.

तुम्हाला वाटतं आवाज म्हणजे फडताळात ठेवून विसरलेली वस्तू. निवांत बसलं की सापडते. आमचा आवाज हरवला नव्हता. आमचं तोंड बंद केलं होतं. ही उपमा नाही, इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं, अशी रीत होती. तोच धोटा मग दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणून अस्पृश्य कामगार विणाई खात्यात नको, असं सवर्ण कामगार म्हणत. विणाईत पगार जास्त. आमच्या वाट्याला त्रासन, म्हणजे सूत कातायची बाजू, तिथं पगार कमी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. भांडवलदाराविरुद्ध एकत्र उठलेल्या मुठींनाही एकमेकांच्या तोंडाचा विटाळ होता, हे तेव्हा उघड्यावर आलं.

माझा पणजा त्रासनात. आजा त्रासनात, १९८२ च्या संपानंतर गावी परत आला. बाप लोकांच्या रानात. मी पुन्हा सूतगिरणीत. आता मला सांगा, माझ्या पणज्यानं डोळे मिटून आत बघितलं असतं तर काय दिसलं असतं? आपलं तोंड विटाळाचं आहे एवढंच. कारण तेच तर त्याच्या आत भरलं होतं.

मुक्ता साळवे ही मांगाची पोर, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली. १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिनं कुठलं शिबीर केलं होतं? अक्षरं हातात आल्यावर तिनं आपल्या माणसांकडं बघितलं आणि धर्मालाच जाब विचारला. बाबासाहेबांनी १९२० साली पाक्षिक काढलं त्याचं नाव 'मूकनायक'. आम्ही मुके जन्मलो नव्हतो, मुके केले गेलो होतो. तेव्हा जातीच्या पलीकडचा माणूस शोधायला आम्हाला सांगू नका. आधी जातीच्या अलीकडे कोण कोण उभं आहे ते बघा. त्यात तुम्हीही दिसाल.

इथं टाळ्या पडतील. पडू देत. आता आपल्याला.

तीच कविता मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "लै भारी हाय. पर ह्यात तू कुठं हाईस? सूर्य सूर्य करतोस, आन् सूर्य डोक्यावर आला तरी झोपल्याला असतोस."

मला राग आला. दोन दिवसांनी वही काढून बसलो आणि मोजलं. चौतीस कविता. सूर्य एकवीस वेळा. ठिणगी अकरा. हजारो वर्षं नऊ. गावकूस सहा वेळा, आणि मी वाढलो तालुक्याच्या गावातल्या वसाहतीत. गावकूस आजानं सोसलं, मी ते उसनं घेतलं. कापूस एकदाही नाही. जॉबर नाही. उधारी नाही. आई एकदा आहे, तिथं ती 'माय' आहे. घरात मी तिला 'आये' म्हणतो.

१९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा नामदेव ढसाळांनी शब्द उसने आणले नव्हते. ज्या वस्तीत ते वाढले तिथलेच ते होते. आपण त्यातली शिवी उचलली आणि वस्ती सोडून दिली. पूर्वी प्रस्थापितांची नक्कल करणाऱ्याला आपण हसायचो. आता आपण आपल्याच बापजाद्यांच्या रागाची नक्कल करतो आणि त्याला विद्रोह म्हणतो.

वहीत आणखी एक गोष्ट नव्हती. ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

गिरणीजवळ खोली बघत होतो. घरमालकानं विचारलं, आडनाव काय? मी गावाच्या नावाला 'कर' लावलं आणि तेच आडनाव म्हणून सांगितलं. तो खूश झाला. चहा पाजला. आधारची झेरॉक्स नंतर देतो म्हणालो, त्यानंही परत मागितली नाही. दोन वर्षं राहिलो. बाबासाहेबांचा फोटो पेटीत, कपड्यांच्या खाली. चौतीसच्या चौतीस कविता त्याच खोलीत लिहिल्या. कवितेत मी सूर्य गिळत होतो आणि दारात आडनाव गिळत होतो. 'जेव्हा मी जात चोरली होती' हे नाव बाबुराव बागुलांनी १९६३ साली पुस्तकाच्या कव्हरवर छापलं. साठ वर्षं उलटून गेली, आणि मी तीच चोरी करून तिच्यावर पेटीचं झाकण लावत होतो.

मग ते शिबिरातले गृहस्थ बरोबर होते का? नाही. ते म्हणाले, आत बघ, शुद्ध माणूस भेटेल. मी आत बघितलं तर आत घरमालक बसला होता, आडनाव विचारत. आणि मी त्याला खोटं सांगत होतो. आपल्या आत आपण एकटे नसतो. कोण कोण घुसलंय ते ओळखणं आणि त्याला नावानिशी बाहेर काढणं, याला मी आत्मशोध म्हणतो.

रिंगफ्रेमवर चाललेल्या सुताकडं बघून भागत नाही. तुटलंय कुठं ते बघायचं आणि तिथं बोट घालायचं. कवितेचंही तेच. जीभ सुरळीत चालते तिथं आपला आवाज नसतो. जिथं अडते तिथं असतो.

फोटो पेटीतून काढला, भिंतीला लावला. घरमालकाला खरं आडनाव सांगितलं. तो तेव्हा काही बोलला नाही. महिनाअखेरीला म्हणाला, भाचा येणारे, खोली लागेल. आता गिरणीतल्याच दोघांबरोबर राहतो. त्यातला एक फोटोकडं बघून हळूच म्हणाला, "मी पण दोन वर्षं 'कर'च होतो." कशासाठी लिहायचं हे मला त्या वाक्यानं कळलं. सूर्यावरच्या एकवीस ओळींनी त्याचं तोंड उघडलं नव्हतं.

त्या खोलीवर कविता लिहिली. लहान आहे. आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "फोटो कापडात गुंडाळला हुतास न्हवं?"

तर मित्रांनो, पुढच्या अंकाला कविता पाठवण्याआधी आपापली वही काढा. काय लिहिलंय ते मोजा आणि काय लिहायचं टाळलंय ते आठवा. टाळलेलं आधी पाठवा. प्रस्थापितांना शिव्या नंतर देऊ, तो साठा काही संपत नाही.