भिंतीला रंग, बहिणीला चुना

अब्बांच्या पश्चात त्यांचा फ्लॅट विकायला काढला की आपण गळती बंद करतो, भिंतींना रंग देतो, इंडेक्स टू पाहून बिल्डिंगमधले भाव तपासतो. करारात मात्र रेडी रेकनरपुरतीच रक्कम. वरचे रोख, भावांच्या खिशात. आपाला हिस्सा मिळतो तो कागदावरच्या आकड्यातून! सूरह निसामध्ये मुलीला मुलाच्या निम्मा वाटा ठरलेला आहे. आपण त्यातही हात मारतो आणि शरीयतसाठी मोर्चे काढतो. जागेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा अधिक रोख घ्यायला आयकर कायद्याचीही मनाई आहे.

दोस्तांनो, पूर्ण किंमत बँकेतून घ्या. भाव ठरवताना आपाला समोर बसवा. खरा आकडा तिच्यापासून लपवावा लागत असेल, तर ती विक्री नव्हे, चोरी आहे.