सौरपंप, बायोगॅस, बायोडिझेल : आश्वासन किती, ऊर्जा किती?

पर्यायी ऊर्जेची एखादी योजना गावात आली की पारावर लगेच दोन बाजू पडतात. एकाला वाटते, आता वीजबिल, डिझेल आणि रात्रीचे पाणी देणे सगळेच सुटले. दुसरा म्हणतो, हेही मोगली एरंडासारखेच होणार. दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे. म्हणून तंत्रज्ञान खरे की खोटे यावर वाद घालण्यापेक्षा त्याचे आकडे तुमच्या शेतावर लागू होतात का, हे तपासणे उपयोगाचे ठरेल.

आधी मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा. नियोजन आयोगाच्या समितीने 2003 मध्ये त्यापासून बायोडिझेल करण्याची मोठी योजना मांडली. पडीक जमीन, कमी पाणी, जनावरे तोंड लावत नाहीत, बियांना हमखास गिऱ्हाईक, असे चित्र रंगवले गेले. 2009 च्या जैवइंधन धोरणात 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रणाचे लक्ष्य होते. प्रत्यक्षात डिझेलमधील मिश्रण एक टक्क्यापर्यंतही पोहोचले नाही. गंमत अशी की तंत्रज्ञान खोटे नव्हते. त्या तेलापासून बायोडिझेल होते आणि त्यावर इंजिन चालते. चुकले ते शेतीचे गणित. झाड मुरमाड रानात जगते, पण जगणे वेगळे आणि भरपूर बी देणे वेगळे. उत्पादन हवे तर पाणी आणि खत लागतेच. फळे एकदम पिकत नाहीत, त्यामुळे तोडणीला पुन्हा पुन्हा मजूर लावावे लागतात. पेंड विषारी, म्हणजे जनावरांना घालता येत नाही. प्रयोगाच्या वाफ्यातले उत्पादन माळरानावर गृहीत धरले गेले आणि लागवडीचा खर्च व तीन-चार वर्षांची वाट शेतकऱ्याच्या पदरी आली.

सौरपंपाची गोष्ट तशी नाही. पॅनेलवर ऊन पडले की वीज तयार होते, हे रोज डोळ्यांनी दिसते. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत सर्वसाधारण गटाच्या शेतकऱ्याने 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के हिस्सा भरायचा, बाकीचे अनुदान. दिवसा पाणी देता येते. रात्री साप-विंचवाच्या भीतीत बॅटरी घेऊन फिरणाऱ्याला याचे मोल सांगायला नको. रोहित्र जळाले म्हणून पंधरा दिवस पीक वाळण्याचा प्रश्नही येत नाही.

अडचण दुसरीकडे आहे, आणि तिची चर्चा कमी होते. पंपाची क्षमता जमिनीच्या क्षेत्रावर ठरते : अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5 एचपी, त्यापुढे 7.5 एचपी. पाणी किती खोलवर आहे हे सात-बाऱ्यावर लिहिलेले नसते! पण पंपाला सगळ्यात मोठा फरक पडतो तो खोलीनेच.

हिशेब करून पाहा. 3 एचपी पंपाला सुमारे 3 किलोवॅटचे पॅनेल असते. चांगल्या उन्हात दिवसभराचे मिळून पाच तास पूर्ण क्षमतेचे धरले तर 15 युनिट वीज. पॅनेलचे तापणे, धूळ, कंट्रोलर, मोटार आणि पंप यांतली घट वजा जाता पाणी उचलायला त्यातली साधारण 35 ते 40 टक्के ऊर्जा उरते. एक हजार लिटर पाणी 100 मीटर उचलायला पाव युनिटाहून थोडी जास्त ऊर्जा लागते. म्हणजे 30 मीटरवरून दिवसाला अंदाजे 65 ते 70 हजार लिटर पाणी मिळेल, तर 100 मीटरवरून जेमतेम 20 हजार. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे चार हजार लिटर. पूर्ण वाढलेल्या पिकाची उन्हाळ्यातली गरज ठिबकवर दिवसाला पाच-सहा मिलिमीटर धरली, तर अडीच एकराला 50 ते 60 हजार लिटर लागतील. पहिल्या शेतकऱ्याचे भागते. दुसऱ्याचे एक एकरही कसेबसे भिजते.

पंप तोच, अनुदान तेच, कंपनीही तीच. पहिला शेजाऱ्यापाशी सौरपंपाचे कौतुक करेल आणि दुसरा फसलो म्हणेल. दोघेही खरेच बोलत असतील.

त्यामुळे अर्जाआधी पावसाळ्यातली नव्हे, एप्रिल-मेमधली पाणीपातळी मोजा. तिच्यात शेताचा चढ आणि पाइपमधील घर्षणाची वाढ धरा, ठिबक असेल तर लागणारा दाबही धरा. विहीर किंवा शेततळे असलेल्यांसाठी सौरपंप बहुतेक वेळा फायद्याचा आहे. तीन-चारशे फूट खोल बोअर असेल आणि चालू वीजजोडणी असेल, तर ती सोडून देण्याची घाई करू नका.

ढगाळ दिवसांची भीती मात्र जरा जास्तच घातली जाते. खरिपात पावसाचा खंड पडतो तेव्हा आभाळ बऱ्याचदा उघडे असते, म्हणजे पाण्याची गरज आणि ऊन बरोबरच येतात. रब्बीतल्या सलग ढगाळ हवामानासाठी महागड्या बॅटरीपेक्षा शेततळे किंवा टाकी बरी. दिवसा साठवलेले पाणी हीच शेतातली स्वस्त बॅटरी. उलट, उन्हाळ्यात पॅनेल तापून 60 अंशांच्या पुढे गेले की वीज दहा-बारा टक्क्यांनी घटते, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. सकाळी थंड असताना पॅनेल साध्या पाण्याने पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

एक प्रश्न सौरपंप सोडवत नाही, उलट वाढवू शकतो. पाणी उपसण्याचा खर्च शून्य झाला की उपसा थांबवायचे कारण उरत नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात सहा शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी करून यावर उपाय शोधला. गरजेपुरते पाणी काढायचे आणि उरलेली वीज वीज कंपनीला विकायची. पाणी वाचवले तर पैसे मिळतात, म्हणून मोटार आपणहून बंद होते. आपल्याकडच्या स्वतंत्र सौरपंपाला ही सोय नाही. पिकाला पाणी नको असते ते दिवस तो नुसता उभा असतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत मात्र पूर्ण फीडरच सौर विजेवर जातो आणि उपकेंद्राजवळची जमीन भाड्याने दिल्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. कोरडवाहू माळाला हे भाडे पिकापेक्षा परवडेल. बागायतीच्या जमिनीसाठी दहा वेळा विचार करा, करार दीर्घ मुदतीचा असतो.

बायोगॅसचे थोडक्यात. दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे. ती दावणीला असतील तर चूल भागते आणि स्लरी शेताला मिळते. जनावरे विकली की संयंत्र बंद पडते. दोष तंत्राचा नसतो. मोठ्या प्रमाणावर कॉम्प्रेस्ड बायोगॅससाठी केंद्राने 2018 मध्ये 'सतत' योजना आणली आणि 2023 पर्यंत पाच हजार प्रकल्पांचे लक्ष्य ठेवले. प्रत्यक्षातला आकडा त्याच्या जवळपासही गेला नाही. म्हणून नेपियर गवत लावा, आम्ही खरेदी करू, असे कोणी म्हणत आले तर विचारा : प्रकल्प आज सुरू आहे का? शेतापासून किती किलोमीटरवर? ओल्या गवताची वाहतूक कोण करणार, आणि खरेदी बंद झाली तर करारात काय भरपाई आहे? सभासद शुल्क आधी मागत असतील तर तिथेच थांबा.

कुसुमच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून शेतकऱ्यांकडून पैसे उकळले जातात, असा इशारा केंद्रीय मंत्रालयाने वेळोवेळी दिला आहे. हिस्सा फक्त महावितरणच्या अधिकृत पोर्टलवरच भरा. पंप बसल्यावर पाच वर्षांची देखभाल व विम्याची कागदपत्रे ताब्यात घ्या. वादळात पॅनेल उडाले किंवा चोरीला गेले तर फोटो काढून लगेच लेखी तक्रार करा. कृषी सहायकांनी अर्जांच्या यादीसोबत गावातल्या विहिरी-बोअरची उन्हाळी पाणीपातळीही वहीत टिपून ठेवली, तर कोणाला 3 एचपी पुरेल आणि कोणाला नाही हे पंप येण्याआधीच सांगता येईल.