किल्लारीची मारेकरी माती नव्हती

#थ्रेड

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जनाची रात्र सरत आली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरची भूमी हादरली आणि सुमारे ८ हजार माणसे, बहुतांश झोपेतच, स्वतःच्या घरांखाली गाडली गेली. तेव्हापासून एक वाक्य न्यायनिवाड्यासारखे उच्चारले जाते : दगडमातीच्या घरांनी माणसे मारली. हे वाक्य इतिहास म्हणून चुकीचे आहे.

कोसळले काय, ते आधी पाहावे. माळवदाच्या घरात छताचा भार मुख्यतः लाकडी खांब आणि तुळया पेलत. भोवतीची भिंत दोन-तीन फूट, कधी त्याहूनही जाड. दिसायला गढीसारखी भक्कम. वास्तविक ती दोन पातळ भिंतींची जोडी होती. आत दगडांचा एक थर, बाहेर दुसरा आणि मधल्या पोकळीत चिखल व चिपा. या दोन थरांना आरपार बांधणारे लांब दगड बहुतेक घरांत नव्हतेच. हादरा बसताच थर एकमेकांपासून सुटले. त्यात गळती आणि ऊन रोखण्यासाठी छतावर वर्षानुवर्षे चढवलेली माती, कित्येक ठिकाणी दीड-दोन फुटांची. तरीही अनेक घरांत भिंती ढासळल्या आणि लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला.

म्हणजे दोष बांधणीचा. (पूर्वजांना सारे ठाऊक होते, असे म्हणणाऱ्यांनीही येथे थांबावे. ती भिंत पूर्वजांच्याच परंपरेतली होती.)

गंमत अशी की, दगडी व मातीची घरे भूकंपात कशी टिकवावीत, याची भारतीय मानके त्याच १९९३ सालची आहेत. भिंतीची जाडी मर्यादित ठेवा, ठरावीक अंतरावर आरपार दगड घाला, भिंतींना वरून सलग पट्ट्याने बांधा. साहित्य तेच, शिस्त वेगळी.

काँक्रीटला हा न्याय कोणी लावत नाही. २००१ च्या कच्छ भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली काँक्रीटच्या इमारती कोसळल्या. तेव्हा बोट आराखड्याकडे आणि बिल्डरकडे दाखवले गेले. काँक्रीट मारते, असे कोणी म्हटले नाही. त्याच कच्छमधले मातीचे गोल भुंगे मोठ्या संख्येने तगले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी हलवली गेली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे, सरळ रेषेत आखलेले रस्ते. गल्ली, वाड्याचा चौक, भावकीची लागून असलेली घरे यांना त्या आखणीत फारशी जागा उरली नाही. भयाने पछाडलेल्या लोकांनीच काँक्रीट मागितले, हे खरे. पण ते भय साहित्याविषयीचे ठरले, ते या चुकीच्या निदानामुळे.

आणि निदान चुकीचे आहे हे शासनालाही ठाऊक होते. त्याच पुनर्वसन कार्यक्रमात, न हलवलेल्या गावांतील जुन्या घरांच्या बळकटीकरणासाठी अनुदान दिले गेले. भिंतीत आरपार जोड घालणे, छतावरची माती उतरवणे, वरून पट्टा बांधणे, ही ती कामे. कामानंतरही ती घरे दगडमातीचीच होती.