बागेची किल्ली अंगणवाडीला द्या



गेल्या रविवारी सकाळी साडेतीन वर्षांच्या नातीला घेऊन घराजवळच्या बागेत गेले होते. घसरगुंडीला रांग होती. तेवढ्यात तिला करंजाची एक वाळकी काडी सापडली आणि तिने ती झोक्याच्या लोखंडी खांबावर आपटून पाहिली. टण्ण. मग घसरगुंडीच्या पत्र्यावर. धप्प. मग कुंपणाच्या गजांवरून काडी ओढत पळाली, तर असा काही खर्रर्र आवाज निघाला की ती जागीच थबकली. मागे फिरली आणि पुन्हा पळाली, पण आता हळू, कारण हळू पळाले की आवाज सुटा सुटा होतो हे तिला उमगले होते. पाच मिनिटांत आणखी चार पोरे काड्या घेऊन हजर. एकाने तर पायातली चप्पलच हातात घेतली. एक मुलगी नुसत्याच उड्या मारत होती, पण ठेक्यात. आणि मग शिट्टी वाजली. "ए, वाजवू नका रे, रंग जातो!" रखवालदाराला दोष देत नाही, त्याला तसेच सांगितलेले असणार. पण त्या सगळ्या गलक्यात सर्वांत मोठा आवाज त्याच्या शिट्टीचा होता, हे नोंदवून ठेवते.

माझे सगळे आयुष्य बालवाडीत गेले, म्हणून हे पत्र. हल्ली नर्सरीच्या माहितीपत्रकात 'म्युझिक अँड मूव्हमेंट' असा तास छापलेला असतो. असा एक तास मी बसून पाहिला. खोली बंद, पायांत बूट-मोजे, कोपऱ्यात स्पीकर, फरशीवर खडूच्या खुणा. गाणे लागते, बाई हातवारे करतात, मुले ते पाहून करतात. एखादे चुकले की शेजारच्याकडे बघून हात वर करते, तोवर गाणे पुढच्या ओळीवर. डिसेंबर उजाडला की हाच तास गॅदरिंगच्या तालमीत जातो आणि मग खडूची खूण सोडणाऱ्याला दटावणी.

माझा पहिला आक्षेप त्या स्पीकरला आहे. स्पीकर कोणासाठी थांबत नाही. गाणारी बाई थांबते, मूल अडखळले तर ओळ लांबवते, पुढे पळाले तर त्याच्यामागून जाते. किर्शनर आणि टोमासेलो या संशोधकांनी २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिला. कधी समोर माणूस वाजवत होता, कधी यंत्र, कधी नुसता स्पीकरमधून ठोका येत होता. मुलांचा ठेका सर्वांत चांगला जुळला तो माणसाबरोबर.

भोंडल्यात हे कित्येक पिढ्या चालत आले आहे. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरला की दोन मोठ्या मुलींच्या मध्ये एखादी चिमुरडी हमखास घुसते. तिचे पाय आखूड. मोठीच्या एका पावलाला तिला दोन टाकावी लागतात, नाहीतर फेरातून ओढली जाते. संगीताच्या वर्गात पोरे ज्या दुगुनीपाशी अडतात ती या पोरीच्या पायांत खिरापत वाटायच्या आधी येऊन बसलेली असते. कोणी शिकवले, कधी शिकवले, विचारायची सोय नाही. आता भोंडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मोबाइल स्पीकरला जोडून होतो. हस्त नक्षत्र तेच, हत्ती तोच, पण गाणे ठरलेल्या वेगाने धावते आणि धाकटी बाहेर खुर्चीवर.

दुसरा आक्षेप चार भिंतींना. पंचवीस मुलांना डबे, झाकणे, खुळखुळे देऊन एका खोलीत बसवून पाहा. पत्र्याखाली असाल तर दहाव्या मिनिटाला बाईच 'चूप' म्हणून ओरडतील. यात मुलांचा काय दोष? खोलीत आवाजाला जायला जागा नसते. बाहेर तोच आवाज विरून जातो. शिवाय पळायला वीस पावले मिळाल्याशिवाय पळता पळता थांबणे जमत नाही, आणि ताल म्हणजे निम्मे तेच. माती थोडी वरखाली असेल तर आणखी बरे, पायाला डोके चालवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसातून किमान १८० मिनिटे हालचाल सांगितली आहे, त्यातली ६० मिनिटे तरी धाप लागेल अशी. दहा बाय बाराच्या खोलीत ही साठ मिनिटे कुठून आणायची?

शहरातल्या कित्येक अंगणवाड्या अशाच भाड्याच्या खोल्यांत भरतात. नाव अंगणवाडी, अंगणाचा पत्ता नाही. हे नाव कुठून आले ते तरी आठवावे. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या. वस्तीतली मुले शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्यापुढे गुरे राखणाऱ्या मुलांचा प्रश्न आला, तर कुरणशाळा निघाली. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली, आणि साहित्य म्हणजे बिया, शिंपले, काड्या. सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली. अंगणवाडी हे नाव तिने उचलले. नुसतेच नाव.

आता नाशिकचे पाहा. अंगणवाडी ज्या वेळी भरते त्या वेळी माझ्या घराजवळच्या बागेला कुलूप असते. सकाळी फिरणाऱ्यांची वेळ संपली की फाटक बंद, ते थेट दुपारी उशिरा उघडते. म्हणजे सावली आहे, माती आहे, पाणी आहे आणि मुलेही पन्नास पावलांवर आहेत, अडले आहे ते कुलपापाशी. माझी मागणी एवढीच की महापालिकेने दहा ते बारा या वेळेत बागेची किल्ली त्या वस्तीतल्या अंगणवाडीला द्यावी. कोपऱ्यातला एक तुकडा रबराच्या लाद्यांविना राहू द्यावा. तिथे फांदीला बांबूची चार कांडी आणि एक फुटके घमेले टांगावे. बाहेरून 'सेन्सरी पार्क' मागवायची गरज नाही. सिंहस्थासाठी घाट-रस्त्यांवर जो खर्च चालला आहे त्यात हे घमेले कुठे दिसणारही नाही.

सेविकांवर आधीच वजन-उंची, आहार, पोषण ट्रॅकरच्या नोंदी लादलेल्या आहेत, हे मला कोणी सांगायला नको. म्हणून फाटक उघडणे-लावणे बागेच्या माळ्याकडे असावे, आणि या दोन तासांचे फोटो अपलोड करण्याचे फर्मान कृपया काढू नये. गाण्याची काळजी नको. सेविकांना जेवढी अभिनयगीते तोंडपाठ असतात तेवढी कुठल्या ॲपमध्ये नाहीत.

आवाजाचा त्रास होईल, असे बागेशेजारचे म्हणतील. नाशिक ढोल देशभर पोहोचवणारे गाव आपले. गणपतीच्या आधी महिनाभर पथकांचे सराव ऐकतो, मिरवणुकीत खिडक्यांची तावदाने थरथरतात, तेव्हा आपण कौतुकाने गॅलरीत उभे राहतो. (तीन वर्षांच्या मुलाला मात्र त्या ढोलापाशी नेऊ नये. कान त्याचेही आहेत.) त्यापुढे पंधरा मुलांच्या काड्यांचा आवाज तो किती? विष्णू दिगंबर पलुसकरांनी पंचवटीत आश्रम काढला, याचा आपल्याला अभिमान आहे. गाणे दरबारातून बाहेर काढून चारचौघांत आणणारा तो माणूस. त्याच्या आश्रमाच्या गावात पोरांनी खांब वाजवला तर रंग जातो म्हणे.

पडण्याची भीती आईबाबांना वाटते, ती खोटी नाही. पण गुडघा फुटतो तो बहुधा सिमेंटवर. मातीवर धूळ झटकून मूल उठते. उन्हाचे म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये वेळ आठला आणावी आणि बाकी झाडांवर सोडावे. २०२५ च्या अखेरीस सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडण्याच्या विरोधात नाशिककर रस्त्यावर उतरले, तेव्हा ऑक्सिजनची आणि पक्ष्यांची बाजू सर्वांनी मांडली. या वयाच्या मुलांना झाड हेच छप्पर लागते, हा मुद्दा मी तिथे ऐकला नाही.

"मग शिकवणार कधी?" हा पालकांचा प्रश्न उरतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळातून शिकण्याचा धरला आहे, असे सांगितले की ते मान डोलावतात आणि घरी जाऊन अक्षरे गिरवायला बसवतात. त्यांच्याशी वाद घालत नाही. एक दिवस येऊन कुंपणापाशी उभे राहावे.

माझ्या घराजवळच्या बागेपासून सुरुवात करायची असेल तर कोणत्याही सोमवारी सकाळी दहाला मी फाटकाशी हजर राहीन. काड्या मी आणते.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका,
पंचवटी, नाशिक