इम्पोस्टर सिंड्रोम कुणाचा? आमचा की व्यवस्थेचा?

वऱ्हाडातले आपले पोट्टे आज डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, तहसीलदार आहेत. १४ एप्रिलला अमरावतीच्या इर्विन चौकात किंवा अकोल्याच्या अशोक वाटिकेत भेटले की हार होतात, फोटो होतात. गर्दी पांगली की त्यातलाच एखादा हळूच बोलतो, "आपण या खुर्चीच्या लायकीचे आहोत का? एक दिवस सगळं उघडं पडेल असं वाटतं."

याला आता इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली ही कल्पना मांडली. त्यांनी अभ्यासलेल्या यशस्वी स्त्रिया बहुतेक गोऱ्या, खात्यापित्या घरच्या होत्या. तेच औषध आपल्या पोरांना पाजलं जातं : आत्मविश्वास वाढवा, सकारात्मक विचार करा! आमचा सवाल सरळ आहे. ज्याला रुजू झाल्या दिवसापासून "कोट्यातून का?" असं विचारलं जातं, त्याच्या मनातली शंका हा त्याचा आजार कसा?

कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. कचेरीतले शिपाई फायली लांबून फेकत. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली. मेरिट कुठे कमी पडलं होतं?

शंभर वर्षांनंतर काय बदललं? अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात वाढलेले, नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले भूषण गवई १४ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश झाले. त्या पदावरचे ते पहिले बौद्ध. चारच दिवसांनी ते मुंबईत आले, तेव्हा मुख्य सचिव, पोलीस महासंचालक आणि पोलीस आयुक्त हजर नव्हते. ६ ऑक्टोबरला भर कोर्टात एका वकिलाने सनातनच्या नावाने त्यांच्यावर बूट फेकण्याचा प्रयत्न केला. क्रीमी लेयरवरचं त्यांचं मत आम्हाला मान्य नाही, ते भांडण वेगळं. पण सामाजिक प्रतिनिधित्वामुळे आपण सुप्रीम कोर्टात दोन वर्षं आधी पोचलो, हे त्यांनी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांसमोर उघड सांगितलं. मग आपल्या पोट्ट्यांनी मान खाली का घालायची? कलम १६(४) प्रतिनिधित्वाचंच बोलतं. ती भीक नाही.

म्हणून दोन वाक्यं वेगळी ठेवा. "मला हे काम येत नाही" हे खरं असेल तर शिका, विचारा, रात्री जागून अभ्यास करा. त्यात कमीपणा नाही. "मी इथला नाही" हे वाक्य मात्र दुसऱ्याने तुमच्या तोंडात घातलेलं आहे. ते थुंकून टाका. जातीवरून टोमणा आला तर तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवा आणि तक्रार लेखी द्या.

आता थोडं आपल्याबद्दल. "समाजाचं नाव काढ" म्हणत आपण एकेका पोराच्या खांद्यावर अख्खी वस्ती ठेवतो. मग त्याला चुकायचीही चोरी आणि "जमत नाही" म्हणायचीही. हे ओझं व्यवस्थेने नाही, आपण दिलेलं आहे. येत्या जयंतीला सत्काराचे दोन हार कमी करा. नोकरीत मुरलेल्यांनी नव्या पोरापोरींसोबत तासभर बसावं. आपण कुठे चुकलो, कुठे घाबरलो, कुणी हात दिला, तेवढंच सांगावं. एकटं पडलेलं पोर लवकर तुटतं. त्याला एकटं पडू न देणं ही चळवळीचीच जबाबदारी आहे.

जय भीम!